जुन्या तुरुंगाचे काय करायचे?

दरवर्षी पदवीच्या पहिल्या वर्षाच्या वर्गाला मी एक साधे काम देतो. आपल्या हुबळी-धारवाडातल्या दहा जुन्या वास्तूंची यादी करून आणा. याद्या आता मला पाठ झाल्या आहेत. कर्नाटक कॉलेज (ही इमारत एके काळी सदर्न मराठा रेल्वेची कचेरी होती, हे निम्म्यांना ठाऊक नसते), बासेल मिशनची शाळा, मुरुघामठ, उणकलचे चंद्रमौळेश्वर देऊळ, सोमेश्वर, आणि शेवटी आजोळचा एखादा पडका वाडा. ज्यांच्या घरी इतिहासाची आवड आहे ती मुले जकणी बावीही लिहितात. १ जुलै १९२१ रोजी तिथे गोळीबार होऊन तिघे खिलाफत स्वयंसेवक मारले गेले, हेही सांगतात. पण आजवर एकाही यादीत तुरुंग आलेला नाही.

एका मुलीला विचारले, "का गं, तुरुंग ही वास्तू नाही का?" ती म्हणाली, "सर, तिथं बघायला कुणाला सोडतात?"

उत्तर बिनतोड होते. शाळा, देऊळ, स्टेशन, कचेरी या सगळ्या इमारती लोकांनी यावे म्हणून बांधतात. आतल्याने बाहेर पडू नये आणि बाहेरच्याने आत पाहू नये, एवढ्याच हेतूने उभी केलेली सरकारी इमारत एकच. तिची बाहेरची बाजू म्हणजे नुसती भिंत. धारवाडचे मध्यवर्ती कारागृह आजही चालू आहे, बेळगावजवळचे हिंडलगाही चालू आहे. आपण त्यांच्यावरून बसने जातो आणि भिंतीकडे पाहण्याऐवजी मोबाइलकडे पाहतो. आज या भिंतींविषयी थोडे लिहावे म्हणतो.

आधी शब्दांची थोडी गंमत. आपल्या घरात दोन भाषा नांदतात, त्यामुळे अशा ठिकाणी आपल्याला दुप्पट मिळते. मराठी 'तुरुंग' हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. त्यांच्या भाषेत 'त्रोंकु' म्हणजे झाडाचा ओंडका, आणि त्यावरून कैद्याचे पाय अडकवायचा लाकडी खोडा. ओंडक्याचा खोडा झाला, खोड्यावरून ती जागा ओळखली जाऊ लागली आणि कोकणातून वर येता येता तिचा तुरुंग झाला. कन्नड शब्द मात्र वेगळ्याच वाटेचा आहे. 'सेरेमने'. सेरे म्हणजे बंधन, मने म्हणजे घर. बंधनाचे का होईना, पण घर! थट्टेत तर 'मावन मने', सासऱ्याचे घर. माझ्या सासरवाडीत हा विनोद मला उद्देशून किती वेळा झाला आहे, ते मोजणे मी सोडून दिले आहे. पण एका भाषेला आठवला तो पायातला खोडा आणि दुसरीला आठवली ती राहण्याची जागा, हा फरक मला विचार करायला लावतो. तुरुंगाची वास्तू समजून घ्यायची तर दोन्ही शब्द लागतात.

इंग्रज यायच्या आधी आपल्याकडे तुरुंग म्हणून वेगळी इमारत बांधायची पद्धत फारशी नव्हती. किल्ला असायचा, वाडा असायचा, त्यातच एखादी खोली कैद्याला दिली जाई. कित्तूरच्या राणी चन्नम्माला ठेवले ते बैलहोंगलच्या किल्ल्यात. तिथेच १८२९ मध्ये तिचे निधन झाले आणि समाधीही तिथेच आहे. ठाण्याचा तुरुंग असाच किल्ल्यात बसला आहे. हा किल्ला पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतला. तो पुरा होण्याआधीच १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला आणि पुढे इंग्रजांकडे गेला. या ठाण्यातली एक हकिगत आपल्यासारख्या दोन भाषांच्या घरात मुलांना जरूर सांगावी. गंगाधरशास्त्र्यांच्या खुनाच्या आरोपावरून दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे याला तिथे कोंडले होते. तो पैसे चारून किंवा गोड बोलून शिपाई फितवील, म्हणून इंग्रजांनी पहारा ठेवला तो सगळा गोऱ्यांचा. बंदोबस्त चोख होता. फक्त त्या गोऱ्यांना मराठी येत नव्हते. खिडकीखाली घोडा फिरवणारा एक मोतद्दार गाणे म्हणत फिरे. गाण्यातून घोडे कुठे उभे आहेत, पुढे काय करायचे, असा सगळा निरोप आत पोचत होता. सप्टेंबर १८१६ मध्ये त्रिंबकजी भिंतीला भोक पाडून पसार झाला. कुलूप, भिंत, बंदुका सगळे जागच्या जागी होते आणि पहाऱ्याला भाषा कळत नव्हती!

किल्ल्यातले असे जुगाडाचे तुरुंग इंग्रजांना पुढे पुरेनात. १८३८ मध्ये एका समितीचा अहवाल आला. तिच्यात मेकॉले होता, तोच शिक्षणाच्या धोरणामुळे आपल्याला माहीत असलेला. प्रत्येक प्रांतात मोठे मध्यवर्ती तुरुंग बांधावेत, शिस्त कडक असावी, असा त्याचा सूर होता. त्याच्याही आधी, अठराव्या शतकाच्या अखेरीस, जेरेमी बेंथम या इंग्रज पंडिताने तुरुंगाचा एक नकाशा सुचवला होता. मध्ये टेहळणीचा मनोरा, भोवती वर्तुळात कोठड्या. मनोऱ्यातल्या एका माणसाला सगळे कैदी दिसतील, पण तो आत्ता आपल्याकडे पाहतो आहे की नाही, हे कैद्याला कधीच कळणार नाही. पाहणारा माणूस मनोऱ्यात नसला तरी चालेल. कैद्याला तो असल्यासारखा वाटला म्हणजे झाले. परीक्षेच्या हॉलमध्ये मागे उभा राहणारा पर्यवेक्षक हीच युक्ती करतो, मीही करतो.

बेंथमचे वर्तुळ जसेच्या तसे फार थोड्या ठिकाणी उतरले. पण त्यातून जी रीत निघाली, मध्ये मनोरा आणि चाकाच्या आऱ्यांसारख्या पसरलेल्या बराकी, ती जगभर गेली. आपल्याला तिचे सर्वांत ठळक रूप माहीत आहे ते अंदमानचे. पोर्ट ब्लेअरचा सेल्युलर जेल १८९६ ते १९०६ या दहा वर्षांत उभा राहिला. मधल्या मनोऱ्यापासून निघालेल्या सात तीनमजली शाखा आणि सातशेला थोड्या कमी कोठड्या. एकेक कोठडी साडेतेरा फूट लांब, साडेसात फूट रुंद. त्यात एकच झरोका, तोही हात पोचणार नाही इतक्या उंचावर. या इमारतीतली खरी करामत पाहणाऱ्याच्या चटकन लक्षात येत नाही. प्रत्येक शाखेचे गजांचे तोंड पुढच्या शाखेच्या पाठीकडे केलेले आहे. म्हणजे कैदी दारात येऊन उभा राहिला तरी त्याला दिसते ती समोरच्या इमारतीची पाठ. दुसऱ्या माणसाचा चेहरा दिसू नये, याची सोय गवंड्याने वीट रचतानाच केलेली! कोठडीचा कडी-कोयंडाही दारावर नाही, तो बाजूच्या भिंतीत खोबण करून बसवला आहे, म्हणजे आतून हात घालून पोचता येऊ नये. सावरकर बंधू एकाच तुरुंगात असून त्यांना एकमेकांची भेट दुर्मीळ होती ती या रचनेमुळे. कागद मिळत नव्हता म्हणून सावरकरांनी कविता भिंतीवर कोरल्या आणि चुना फिरण्याआधी पाठ केल्या, हे मराठी घरात वेगळे सांगायला नको.

त्या सात शाखांपैकी आज तीनच उभ्या आहेत. दोन जपान्यांच्या ताब्याच्या काळात गेल्या. आणखी दोन स्वातंत्र्यानंतर आपणच पाडल्या, कारण तिथे इस्पितळ करायचे होते. इस्पितळ ही काही वाईट गोष्ट नव्हे. पण तिथे राहून आलेल्या माजी राजबंद्यांनी आवाज उठवला, उरलेले वाचले आणि ११ फेब्रुवारी १९७९ रोजी ते राष्ट्रीय स्मारक झाले. या राजबंद्यांनी स्वतःची कोठडी तेवढी राखा असे म्हटले नाही, सबंध इमारत मागितली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. एक कोठडी राखली तर ती नुसती लहान खोली दिसते. तिची पाठ, तिच्यासमोरची पाठ आणि मधला मनोरा राखला तरच ती काय होती ते कळते.

आता अंदमानाहून आपल्या दारात येऊ. बेळगावहून वेंगुर्ल्याच्या वाटेला लागले की हिंडलगा येते. १९२० च्या दशकात उभा राहिलेला हा तुरुंग. मराठी माणसाला तो सीमाप्रश्नाच्या सत्याग्रहांमुळे आठवतो. १९५० मध्ये सावरकरांना स्थानबद्ध करून तिथेच ठेवले होते. कन्नड माणसाला तो फाशीच्या बातम्यांमुळे ठाऊक असतो, कारण राज्यातली फाशीची व्यवस्था तिथे आहे. पण दोन्ही भाषांच्या लोकांनी एकत्र आठवावा असा त्याचा एक कैदी म्हणजे धारवाडचे द. रा. बेंद्रे. घरात मराठी आणि काव्य कन्नडमध्ये, असे त्यांचे आयुष्य. 'नरबलि' या कवितेमुळे १९३२ मध्ये त्यांना हिंडलग्यात जावे लागले आणि सुटल्यावरही धारवाडजवळच्या मुगदला नजरकैदेत राहावे लागले. पुढे १९७३ चा ज्ञानपीठ मिळाला, साधनकेरीला त्यांचे घर स्मारक झाले. साधनकेरीला सहली जातात. पण ती कविता लिहिल्याची किंमत ज्या भिंतींआड मोजली गेली, त्या भिंतींचे नाव सहलीतल्या शिक्षकांनाही बऱ्याचदा माहीत नसते.

माझ्या बायकोचे अज्जा हावेरीकडचे. १९४२ च्या चळवळीत तेही हिंडलग्यात होते, वय बावीस. लग्नानंतर दोन-तीन वर्षे मला त्यांचा सहवास मिळाला. घरात सगळे कन्नड बोलणारे, आणि अज्जा माझ्याशी मात्र आग्रहाने मराठी बोलत. ती मराठी जुनी, जरा पुस्तकी, 'जावईबापू, आपण केव्हा येणे केलेत' अशी. कुठे शिकलात म्हणून विचारले तर हसून म्हणाले, "सरकारच्या शाळेत." शेजारच्या बिछान्यावर सातारकडचा एक सत्याग्रही होता. त्याने यांना मराठी वाचायला शिकवले, यांनी त्याला कन्नड अक्षरे गिरवायला लावली.

तुरुंगाविषयी ते पुढाऱ्यांचे काही सांगत नसत. भाषणे, घोषणा यांतले काहीच त्यांच्या बोलण्यात येत नसे. बराकीची लांबी त्यांनी पावलांनी मोजली होती ती सांगत, अठ्ठावन्न पावले. खिडकी उंच, तिच्यातून येणारा उन्हाचा चौकोन दुपारी कुठल्या बिछान्यावर असे, ते सांगत. पावसाळ्यात बेळगावचा पाऊस त्याच खिडकीतून आत येई आणि त्या बाजूच्या दहा माणसांना रात्रभर बसून काढावी लागे. संध्याकाळी मोजणी होऊन बराक बंद झाली की कुलपाचा जो आवाज होई, तो त्यांच्या कानात साठ वर्षे राहिला होता. घरी ते आपल्या खोलीला आतूनसुद्धा कधी कडी लावत नसत. मी इतिहास शिकवतो, पण तुरुंग म्हणजे काय असते हे मला त्या अठ्ठावन्न पावलांनी जितके कळले, तितके कुठल्या ग्रंथाने कळले नाही. त्यांच्या आठवणीत राहिली ती इमारतच.

आणखी एक गोष्ट त्यातून ध्यानात येते. तेव्हा धारवाड, बेळगाव, विजापूर, पुणे, नाशिक हा सगळा एकच मुंबई इलाखा होता. धारवाडचा सत्याग्रही येरवड्याला जाई, सातारचा हिंडलग्याला येई. सरकारने आपल्या सोयीने माणसे हलवली आणि त्या बराकींत आपल्या घरांसारखी दोन भाषांची बिऱ्हाडे थाटली गेली. नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये साने गुरुजींनी पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहून काढली. धुळ्याच्या तुरुंगात त्याच्या आदल्या वर्षी विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली, तीही साने गुरुजींनीच उतरवून घेतली. पुण्याच्या येरवड्यात (बांधणी १८७१) २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला आणि गांधीजी त्या तुरुंगाला 'येरवडा मंदिर' म्हणत. घराघरातल्या कपाटातली पुस्तके या भिंतींच्या आत जन्मली. पण दोन कैदी भाषेची देवाणघेवाण करीत बसले, हे कुठल्या पाटीवर लिहिलेले मी पाहिलेले नाही.

पाट्यांवरून आठवले. जुन्या तुरुंगाचे पुढे काय करतात, याची दोन उदाहरणे आपल्या हाताशी आहेत. एक राजधानीतले, एक गोव्यातले. दोन्ही मी पाहिली.

बेंगळूरचा जुना मध्यवर्ती तुरुंग एकोणिसाव्या शतकातला, म्हैसूर संस्थानाच्या काळचा. त्यालाही मध्ये मनोरा आणि भोवती बराकी. आणीबाणी आली तेव्हा, जून १९७५ मध्ये, संसदीय समितीच्या बैठकीसाठी वाजपेयी, अडवाणी, श्यामनंदन मिश्र आणि आपले मधु दंडवते बेंगळुरातच होते. चौघांनाही तिथे अटक झाली आणि त्या तुरुंगात नेले. दंडवते राजापूरचे खासदार, म्हणजे घाट उतरून गेले की त्यांचाच मतदारसंघ. ते बेंगळूरच्या तुरुंगात आणि पत्नी प्रमिलाताई येरवड्याच्या. दीड वर्ष नवरा-बायकोचा संसार पत्रांवर चालला, आणि प्रत्येक पत्र आधी तुरुंगाधिकाऱ्याने वाचलेले. सुटल्यावर दंडवते रेल्वेमंत्री झाले. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गाद्या आल्या त्या त्यांच्याच काळात. तुरुंगातल्या कठीण बिछान्याचा याच्याशी काही संबंध असेल का, असे मला रात्रीच्या गाडीत नेहमी वाटते. पुरावा काही नाही, झोप येईपर्यंतचा विचार आहे.

त्याच तुरुंगात १९७६ मध्ये स्नेहलता रेड्डी होत्या. 'संस्कार' हा कन्नड चित्रपट ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्यातली चंद्री आठवेल. अनंतमूर्तींची कथा, आपल्या धारवाडच्या गिरीश कार्नाडांचा प्राणेशाचार्य आणि स्नेहलतांची चंद्री. त्यांना दमा होता. एकटीला कोठडीत ठेवले. तब्येत पार ढासळल्यावर जानेवारी १९७७ मध्ये पॅरोलवर सोडले आणि सुटकेनंतर काही दिवसांतच त्या गेल्या. दम्याच्या माणसाला उंच झरोक्याची बंद खोली म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी दम्याचे माणूस आहे त्यांना समजावून सांगायची गरज नाही. भिंतीची उंची, झरोक्याचे माप, हवेचा मार्ग यांना वास्तुशास्त्रात आकडे असतात. इथे त्या आकड्यांवर एका बाईचा श्वास अवलंबून होता.

शतक बदलताना हा तुरुंग परप्पन अग्रहारला हलला. शहराच्या ऐन मध्यावर वीस एकरांहून मोठी मोकळी जागा! तिच्यावर व्यापारी संकुल आले नाही, हेच खूप झाले. स्पर्धा घेऊन आराखडा निवडला गेला आणि नोव्हेंबर २००८ मध्ये तिथे 'फ्रीडम पार्क' खुले झाले. टेहळणीचा मनोरा राखला, दर्शनी भाग राखला, एखादी बराक आणि भिंतींचे काही तुकडे राखले. बाकी बराकी गेल्या. झाडे आली, पायवाटा आल्या. मी गेलो तेव्हा मनोऱ्याच्या पायथ्याशी स्पर्धा परीक्षेची मुले पुस्तके घेऊन बसली होती. छान वाटले, खोटे कशाला सांगू? राज्यभरातून अंगणवाडी सेविका, शेतकरी, विद्यार्थी मागण्या घेऊन येतात तेही इथेच बसतात. मात्र २०२१ च्या आदेशाने राजधानीतली निदर्शने या एका आवारापुरतीच ठेवली गेली. ज्यांना बोलायचे आहे त्यांनी जुन्या तुरुंगाच्या भिंतीआड येऊन बोलावे, ही योजना कुणाला सुचली कोण जाणे. बेंथम असता तर मान डोलावली असती.

पण तिथून निघताना एक रुखरुख राहिली. मनोरा आहे, पण तो ज्यांच्यावर नजर ठेवी त्या बराकी नाहीत. त्यामुळे तो बागेतल्या शोभेच्या मनोऱ्यासारखा दिसतो. लहान मुले त्याच्याभोवती पकडापकडी खेळत होती. त्यांच्या आईला विचारले असते हे काय आहे, तर ती काय सांगणार?

दुसरे उदाहरण आग्वादचे. धारवाडकर मंडळी शनिवार-रविवार गोव्याला जातात तेव्हा किल्ला आणि दीपगृह बघतात. किल्ला १६१२ चा. त्याच्या पायथ्याशी, अगदी समुद्राला लागून, पोर्तुगीजांनी गोवा मुक्तीच्या सत्याग्रहींना कोंडले तो तुरुंग आहे. मुक्तीनंतरही तो गोव्याचा तुरुंग म्हणून चालला, २०१५ मध्ये कैदी कोलवाळला हलवले आणि दुरुस्ती होऊन १९ डिसेंबर २०२१ रोजी तो संग्रहालय म्हणून खुला झाला. इथे इमारत जास्त शिल्लक आहे. कोठड्यांतून फिरता येते. समुद्राचा आवाज चोवीस तास ऐकू येतो आणि समुद्र दिसत नाही, ही शिक्षा काय असेल ते तिथे उभे राहून कळते. माझी तक्रार एवढीच की रंगरंगोटी आणि दिवे जरा जास्त झाले आहेत. कोठडी सुंदर दिसू लागली की काहीतरी बिघडलेले असते.

महाराष्ट्राने तिसरा मार्ग धरला. २६ जानेवारी २०२१ पासून येरवड्यात 'जेल पर्यटन' सुरू झाले, म्हणजे तुरुंग चालू ठेवूनच गांधी यार्ड, टिळक यार्ड लोकांना दाखवणे. हेतू चांगला आहे. पण मला ते मनापासून पटत नाही. २०२२ च्या सरकारी आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांत शंभर जागांत १३१ माणसे राहत होती आणि त्यांतले सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा गुन्हा शाबीत व्हायचा आहे असे. त्यांच्या अंगणातून शाळेची सहल जावी आणि मुलांनी पुढाऱ्याची खोली बघून यावे, बाजूच्या खोलीतल्याकडे बघू नये, हे जमायचे कसे? आणि बघितले तर ते बरे दिसेल का? चालू तुरुंगात वारसा-वारसा म्हणून अडवणूक करू नये, या मताचा मी आहे. गळके छप्पर बदलायचे असेल, खिडकी खाली आणायची असेल, संडास बांधायचे असतील, तर दीडशे वर्षांची भिंतसुद्धा खुशाल फोडावी. राहणाऱ्याचा हक्क आधी, मग आपली वास्तुप्रीती.

मात्र फोडण्यापूर्वी मोजावी. माझे म्हणणे सगळे इथे येऊन ठेपते. आपल्या भागातले जुने तुरुंग आज ना उद्या शहराबाहेर जाणार. गावे वाढली, जागांचे भाव वाढले, ते कुणाला थांबवता येणार नाही. ज्या दिवशी शेवटचा कैदी हलेल, त्या दिवशी आपल्याकडे त्या इमारतीचा पूर्ण नकाशा, फोटो आणि मोजमापे तयार हवीत. बराक किती पावलांची, झरोका किती उंचीवर, दोन फाटकांमध्ये अंतर किती, मोठ्या फाटकातला दिंडी दरवाजा किती बुटका. (वाड्याच्या दिंडीत वाकतो तो देवाला किंवा यजमानाला मान म्हणून. इथेही वाकावे लागते, मात्र मान कुणाला, हा प्रश्नच आहे.) हुबळी-धारवाडात अभियांत्रिकी आणि वास्तुशास्त्राच्या कॉलेजांना तोटा नाही. परवानगी मिळाली तर मुलांचे एका सत्राचे काम आहे. मग बाग करा, वाचनालय करा, पण मनोऱ्याबरोबर निदान एक संपूर्ण बराक आणि तिच्यासमोरची भिंत एकत्र राखा. एक कोठडी अशी ठेवा की जिला फरशी नाही, दिवा नाही, कुणा मोठ्या माणसाचे नाव नाही. शाळेच्या मुलाने तिच्यात पाच मिनिटे एकट्याने उभे राहावे आणि बाहेर यावे. पाटी कोणत्या भाषेत लावायची यावरून भांडण लागले तर दोन्ही भाषांत लावा आणि पुढचे काम करा.

आणि नोंदवह्या! इमारत पाडताना सर्वांत आधी कोपऱ्यातले कागद रद्दीत जातात. आत आलेल्या प्रत्येकाचे नाव, गाव, बापाचे नाव, अंगावरच्या खुणा, वजन या वह्यांत लिहिलेले असते. पुढाऱ्यांची चरित्रे छापली गेली. चोरी केलेला, दारूबंदीत धरलेला, सारा न भरलेला, आणि खोट्या आरोपात अडकलेला माणूस कुठे सापडेल तर या वह्यांत. त्यांतली कितीतरी नावे आपल्याच गल्लीतल्या आडनावांची निघतील.

कागदांचे निघाले आहे तर वाचकांना एक विनंती. १९३०, १९४२, गोवा मुक्तीचा सत्याग्रह किंवा आणीबाणी, यांपैकी कोणत्याही वेळी घरातले कुणी आत जाऊन आले असेल, तर दिवाळीच्या साफसफाईत जुनी पत्रे बाजूला काढा. ज्या पाकिटावर किंवा कार्डावर तुरुंगाधिकाऱ्याचा शिक्का आहे ते पाकीटसुद्धा टाकू नका, कारण तारीख आणि जागा बहुधा त्या शिक्क्यावरच असते. पत्र कन्नडमध्ये असेल आणि घरातल्या नव्या पिढीला वाचता येत नसेल, किंवा मोडीत असेल आणि कुणालाच वाचता येत नसेल, तरी ठेवा. वाचणारे मिळतात. आणि घरात नव्वदी ओलांडलेले कुणी असेल तर त्यांना कोणत्या पुढाऱ्याला पाहिलेत हे विचारू नका. खिडकी कुठे होती, तेवढे विचारा आणि लिहून घ्या.